उपचार संपल्यानंतरचे आयुष्य

लहान मुलांच्या कर्करोगाबद्दल मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा उपचार संपल्याच्या दिवसापाशी येऊन थांबते. शेवटचा केमो झालेला असतो, औषध देण्यासाठी छातीत बसवलेला पोर्ट काढलेला असतो, डोक्यावर नवे केस दिसू लागलेले असतात, घरी पेढे वाटले जातात. वाचणाऱ्याला हायसे वाटते. मूल मात्र त्या दिवशी सहा-सात वर्षांचे असते. शाळा, दहावी, नोकरी, लग्न, स्वतःची मुलेबाळे, म्हातारपण हे सगळे त्याच्यापुढे असते. त्याचे हे साठ-पासष्ट वर्षांचे उरलेले आयुष्य कसे जाते, ते चांगले जावे म्हणून काय करता येते आणि ते ठरवायचे कोणी, हा पुढील पानांचा विषय आहे.

असा प्रश्न विचारण्याची वेळ आली हेच मुळात मोठे यश आहे. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी तीव्र ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतल्या १० मुलांचा आजार मागे हटला, पण थोड्याच काळापुरता. हे औषध ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. १९६२ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात सेंट ज्यूड हे मुलांचे रुग्णालय उघडले, तेव्हा लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून शंभरातली जेमतेम चार मुले वाचत. तिथले पहिले संचालक डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र आणि टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. मेंदूत दडून राहणाऱ्या पेशींसाठी डोक्याला किरणोपचार दिले. दशकभरातच निम्मी मुले बरी होऊ शकतात हे दिसून आले. आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब देश अजून फार मागे आहेत. म्हणूनच २०३० पर्यंत जगभरातली निदान ६० टक्के मुले वाचली पाहिजेत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली समोर ठेवले.

मुले वाचू लागली आणि मोठी होऊ लागली, तशी त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनाच पुढची काळजी वाटू लागली. ज्युलिओ डॅन्जिओ हे किरणोपचारतज्ज्ञ. मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या विल्म्स ट्यूमरवरचा अमेरिकेतला राष्ट्रीय अभ्यास त्यांच्या नेतृत्वाखाली चालला. १९७५ साली त्यांनी एका लेखाच्या शीर्षकातच बजावले की, मूल बरे करणे पुरेसे नाही. ज्यांनी आयुष्यभर मुलांना किरणोपचार दिले त्यांनीच त्या उपचारांची पुढे मोजावी लागणारी किंमत तपासा म्हणून सांगावे, याला मी वैद्यकातला मोठा प्रामाणिकपणा मानतो. फिलाडेल्फियात ॲना मेडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच दिशा पुढे नेली. उपचार संपल्यावर अनेक वर्षांनी डोके वर काढणाऱ्या त्रासांचा अभ्यास ही वैद्यकाची एक स्वतंत्र शाखाच झाली.

हे त्रास का होतात, ते एका औषधावरून समजून घेऊ. डॉक्सोरुबिसिन हे गडद लाल रंगाचे औषध मुलांच्या अनेक कर्करोगांत शिरेतून दिले जाते. ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. आया घाबरतात आणि सिस्टर त्यांना समजावतात की हे रक्त नाही, औषधाचा रंग आहे. लघवीचा रंग दोन दिवसांत जातो, पण हृदयाच्या स्नायूवर झालेला परिणाम जाईलच असे नाही. मुलाला आजवर हे औषध एकूण किती मिळाले, यावर पुढचा धोका ठरतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण मात्रा २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक झाली, तर धोका बराच वाढतो. एखादी मुलगी खेळते, पळते, तिला काही जाणवत नाही. पंचवीस वर्षांची झाल्यावर हीच मुलगी गरोदर राहते, हृदयावर ताण येतो आणि तेव्हा कुठे त्याची कमजोरी उघडी पडते. त्या वेळी तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना लहानपणचे ते लाल औषध माहीतच नसते. बहुतेक वेळा तिलाही नसते.

प्रत्येक उपचाराची अशी एक खूण मागे राहू शकते. सिस्प्लॅटिन या औषधामुळे कानाला उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. मूल बहिरे झाले असे कोणालाच वाटत नाही, कारण हाक मारली की ते ओ देते. वर्गात मात्र त्याला ‘स’, ‘श’, ‘फ’ नीट ऐकू येत नाहीत आणि बाई म्हणतात, याचे लक्ष नसते. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांच्या मोठ्या मात्रेने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. स्टिरॉइडमुळे काहींच्या खुब्याचे हाड झिजते. डोक्याला दिलेल्या किरणांमुळे उंची खुंटते, स्मरण आणि एकाग्रता मंदावते. हॉजकिन्स आजारासाठी छातीवर किरण घेतलेल्या मुलींना तरुणपणीच स्तनाच्या कर्करोगाचा धोका असतो. त्यामुळे त्यांची तपासणी पंचविशीच्या सुमारासच सुरू करावी असे सांगितले जाते. हे सगळे प्रत्येकालाच होते असे नाही. कोणाला काय होऊ शकते हे मात्र आधीच सांगता येते, आणि या शाखेची खरी मोलाची कमाई हीच आहे.

हे सांगता येते, कारण काही संशोधकांनी बऱ्या झालेल्यांची साथ दशकानुदशके सोडली नाही. १९९४ साली लेस्ली रॉबिसन या रोगपरिस्थितीशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने अमेरिका आणि कॅनडात एक मोठा अभ्यास सुरू झाला. १९७० ते १९८६ या काळात कर्करोगाचे निदान झालेली आणि त्यानंतर निदान पाच वर्षे जगलेली चौदा हजारांहून अधिक माणसे त्यात आली. तुलनेसाठी त्यांची सख्खी भावंडे निवडली गेली. एकाच घरातली, एकाच ताटात जेवलेली, एकाच शाळेत गेलेली दोन मुले. एकाला कर्करोग झाला, दुसऱ्याला नाही. फरक उपचारांचा आहे की परिस्थितीचा, हे पाहायला याहून चांगली तुलना सापडणे कठीण.

याच अभ्यासातून सेंट ज्यूडमधल्या बालकर्करोगतज्ज्ञ मेलिसा हडसन यांचे काम आकाराला आले. माझ्या मते या विषयात शिरायला त्यांच्या कामासारखी दुसरी वाट नाही. २००३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या झालेल्या ९,५३५ जणांची उत्तरे २,९१६ भावंडांच्या उत्तरांशेजारी ठेवली. एकूण तब्येत, मनाची अवस्था, रोजचे व्यवहार स्वतः करता येणे, हालचालींवरची बंधने, कर्करोगामुळे राहिलेले दुखणे आणि कर्करोगाची भीती अशा सहा बाजूंनी प्रश्न विचारले गेले. ४४ टक्के जणांच्या बाबतीत यांतली किमान एक बाजू तरी लंगडी निघाली. रोजच्या कामांत अडचण येण्याचे प्रमाण भावंडांच्या तुलनेत सुमारे पाचपट होते. तरीही आपली एकूण तब्येत वाईट किंवा बेताची आहे, असे म्हणणारे अकरा टक्क्यांच्या आसपासच होते.

हा विरोधाभास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुढे २००७ साली हडसन आणि रॉबिसन यांनी सेंट ज्यूडमध्ये आणखी एक अभ्यास हाती घेतला. पत्राने प्रश्न विचारण्याऐवजी जुन्या रुग्णांना पुन्हा रुग्णालयात बोलावून डोक्यापासून पायापर्यंत तपासायला सुरुवात केली. २०१३ साली १,७१३ जणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदय, फुप्फुस, कान, अंतःस्रावी ग्रंथी यांचे कितीतरी दोष या तपासणीतच पहिल्यांदा समजले. पंचेचाळिशीपर्यंत ९५ टक्क्यांहून अधिक जणांना कोणता ना कोणता दीर्घकालीन विकार जडलेला असेल, असा त्यांचा अंदाज होता. माणूस म्हणतो, मी बरा आहे. यंत्र म्हणते, हृदय थकले आहे. खरे कोणाचे मानायचे?

माझे म्हणणे असे की दोघांचेही मानायला हवे. जगण्याची गुणवत्ता ही रक्ताच्या तपासणीसारखी एका नळीत मावत नाही. हृदयाचा दोष वेळेवर कळला तर औषध देता येते, म्हणून यंत्राचे ऐकायचे. पण आपले आयुष्य जगण्यासारखे आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार ते जगणाऱ्याचाच असतो. मृत्यू जवळून पाहिलेल्या माणसाची मोजपट्टी बदलते. चार जिने चढता येत नाहीत याचे दुःख दुसऱ्याला होईल तेवढे त्याला होत नाही. ते समाधान खोटे ठरवायचे कारण नाही, आणि त्या समाधानाकडे बोट दाखवून तपासणी टाळायचेही कारण नाही.

मूल लहान असेल तर त्याला विचारायचे कसे, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी यांनी त्यासाठी जी प्रश्नावली तयार केली ती आज जगभर वापरली जाते. तिच्यात अवघे २३ प्रश्न आहेत. आठ शरीराचे, पाच मनाचे, पाच मित्रमैत्रिणींचे आणि पाच शाळेचे. गेल्या महिन्याभरात पळताना त्रास झाला का, आपली आपण आंघोळ करता आली का, रात्री झोप लागली का, पुढे काय होईल याची धास्ती वाटली का, मुले चिडवतात का, खेळताना मागे पडायला होते का, वर्गात शिकवलेले विसरायला होते का, दवाखान्यासाठी शाळा बुडते का. मोठी मुले पाच पर्यायांतून उत्तर निवडतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांपुढे हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांची चित्रे ठेवतात आणि मूल बोट ठेवते. अशीच प्रश्नावली आईवडिलांनाही देतात, आणि इथे नवल दिसते. आजारी मुलाच्या बाबतीत आईबाप अनेकदा मुलापेक्षा कमी गुण देतात. मूल सांगते, मी खेळतो. आई सांगते, त्याला खेळवत नाही. दोघेही खोटे बोलत नसतात. आई तिच्या भीतीतून पाहत असते. ॲन काझाक यांच्या फिलाडेल्फियातल्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे की, उपचार संपल्यावर कित्येक वर्षांनीही त्या दिवसांच्या आठवणींनी दचकण्याचे प्रमाण मुलांपेक्षा आईवडिलांत जास्त असते. मुलाला साधा ताप आला तरी ज्या आईचा जीव खालीवर होतो, तिलाही कोणीतरी विचारायला हवे.

आणि भावंडाला? संशोधनात जे तुलनेसाठी वापरले गेले ते भावंड घरात बहुतेक वेळा विसरले जाते. धाकट्याला मुंबईला न्यायचे म्हणून थोरलीला वर्षभर आजोळी ठेवतात. तिची शाळा बदलते, तिच्या वाढदिवसाला आईबाबा नसतात, आणि रडावे तर ‘तुला काय झालंय?’ असे ऐकावे लागते. मुलाच्या कर्करोगानंतरचे आयुष्य म्हणताना या मुलीचे आयुष्यही त्यात धरायला हवे.

अशा प्रश्नोत्तरांतून आणि मोजमापांतून निष्पन्न काय होते, असे कोणी विचारेल. सगळ्यात ठसठशीत उत्तर ल्युकेमियाचेच आहे. डोक्याला दिलेल्या किरणांनी मुले वाचली, पण त्यांची बुद्धी आणि वाढ यांवर परिणाम झाला, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवून दिले. मग किरणांची मात्रा कमी झाली आणि ते कमीत कमी मुलांना दिले जाऊ लागले. शेवटी सेंट ज्यूडमध्ये २००० ते २००७ या काळात सर्वच मुलांना डोक्यावरचे प्रतिबंधक किरण न देता, नेमक्या बेतलेल्या औषधांवर बरे करून पाहिले गेले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर ९३ टक्क्यांहून अधिक मुले जिवंत होती. सिस्प्लॅटिनचेही तसेच. यकृताचा कर्करोग झालेल्या मुलांना सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिले, तर ऐकू कमी येणाऱ्या मुलांचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर येते, हे २०१८ साली सिद्ध झाले. आधीच्या मुलांनी आपले त्रास सांगितले आणि कोणीतरी ते नीट लिहून ठेवले, म्हणून नंतरच्या मुलांच्या वाट्याला ते कमी आले. आजच्या मुलांवरचे सौम्य उपचार हे कालच्या मुलांचे देणे आहे.

आपल्याकडे ही वाट मुंबईतून सुरू होते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ साली उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू झाले. डॉ. पूर्णा कुरकुरे यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. भारतात हजारो मुले उपचाराअभावीच दगावत होती, त्या काळात बऱ्या झालेल्यांची पुढची काळजी घ्यावी असे वाटणे हे दूरदृष्टीचे लक्षण होते. लहानपणी कर्करोगातून बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट २००९ पासून इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने काम करतो. आज उपचार घेणाऱ्या मुलाच्या आईला दहा डॉक्टरांनी धीर दिला तरी जे वाटत नाही, ते समोर उभ्या असलेल्या आणि पंधरा वर्षांपूर्वी त्याच वॉर्डात असलेल्या तरुणाकडे पाहून वाटते.

आपल्या मुलांचे प्रश्न मेम्फिसच्या मुलांसारखेच असतील असे मात्र मानता येत नाही. विदर्भातून किंवा खानदेशातून ‘टाटाला’ येणाऱ्या कुटुंबाचा पहिला प्रश्न राहायचे कुठे हा असतो. राहायला जागा नाही म्हणून उपचार अर्धवट सोडून परतलेली कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. अशा कुटुंबांना मोफत निवारा देण्यासाठी २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था उभी राहिली. रुग्णालयांच्या नोंदींत मुलग्यांच्या मानाने मुली कमी दिसतात. याचे कारण केवळ आजारात नाही, आपल्या घरांतही आहे. मुलगी बरी झाली तर तिच्या लग्नाची चिंता सुरू होते आणि फाइल कपाटाच्या तळाशी जाते. ‘कोणाला सांगू नकोस’ हे वाक्य अनेक मुलींना औषधांच्या नावांआधी पाठ झालेले असते. नोकरीच्या वेळी मुलगेही हेच करतात. असे लपवावे लागू नये म्हणून फ्रान्सने निदान कर्जाच्या विम्यापुरता कायदा केला आहे. उपचार संपून पाच वर्षे झाली आणि आजार उलटला नाही, तर ठरावीक मर्यादेतल्या कर्जाचा विमा काढताना जुन्या कर्करोगाची माहिती द्यावी लागत नाही. आपल्याकडेही हा विचार सुरू व्हायला हवा. लपवण्याची पाळी आलेले आयुष्य, शरीर कितीही धडधाकट असले तरी, चांगले आयुष्य म्हणता येणार नाही. शिवाय जी गोष्ट लपवायची ती डॉक्टरांपासूनही लपते, आणि पंचविशीत हृदय तपासायचे राहून जाते.

म्हणून पुढील पाने वाचताना वाचकाने एक गोष्ट मनाशी धरावी. आजवरच्या मोठ्या आकडेवारीतला बहुतेक भाग पाश्चात्त्य देशांतल्या आणि काही दशकांपूर्वीच्या उपचारांचा आहे. तो वाचून घाबरून जाऊ नये. आजची मात्रा वेगळी आहे, तपासण्या सुधारल्या आहेत, आणि नव्वदच्या दशकात उपचार घेतलेल्यांमध्ये उशिराने होणारे मृत्यू सत्तरच्या दशकाच्या मानाने निम्म्यावर आल्याचे त्याच अमेरिकी अभ्यासाच्या पुढे विस्तारलेल्या टप्प्यातून दिसले आहे. धोका माहीत असणे हे शिक्षा भोगण्यासारखे मानू नये. ज्याला आपला धोका ठाऊक आहे, तोच वेळेवर डॉक्टरांकडे जातो.

शेवटी ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांना हात जोडून सांगणे आहे. उपचार संपल्यावर घरी जाण्याआधी डॉक्टरांकडून उपचारांचा सारांश लिहून घ्या. एक कागद पुरतो. आजाराचे नाव, निदानाची तारीख, दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव आणि एकूण मात्रा, किरण दिले असतील तर शरीराच्या कोणत्या भागाला आणि किती, शस्त्रक्रिया कोणती, रक्त चढवले होते का, आणि पुढे कोणत्या तपासण्या कधी करायच्या. त्याच्या दोन प्रती काढा, एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फॉलो-अपची तारीख चुकवू नका, मूल ठणठणीत दिसत असेल तरीही. शाळेतल्या बाईंना विश्वासात घ्या आणि कान एकदा तपासून घ्या. मूल समजत्या वयाचे झाले की त्याला त्याच्या आजाराचे नाव सांगा, औषधांची नावे सांगा आणि तो कागद त्याच्या हाती द्या. त्याचे शरीर आहे, त्याचे आयुष्य आहे, आणि पुढची साठ वर्षे त्याची काळजी त्यालाच घ्यायची आहे.